कार्डावरची चांदणी

सुपडू, तुझं कार्ड मंगळवारी आलं.

दुपारी मी कॉलेजातून घरी आलो तेव्हा ते टेबलावर, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेलं होतं. सुमन आतून नेहमीसारखी म्हणाली, "जळगावचं कार्ड आलंय तुमचं." आणि मग ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आम्ही दोघं त्या कार्डाकडे बघत राहिलो. तुला जाऊन सतरा दिवस झाले होते.

पत्ता तुझ्या हातचा. देवपूर, धुळे, खाली जाड रेघ. मागच्या बाजूला काहीच नाही. फक्त डाव्या कोपऱ्यात एक चांदणी, पाच टोकांची, शाईने काढलेली. तिचा अर्थ जगात दोनच माणसांना ठाऊक होता. यंत्र मोकळं आहे. पुढचं सांग.

ज्यांना हे वाचून काही कळणार नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. तुला यातलं सगळं माहीत आहे. शेवटचं तर माझ्याही आधी माहीत होतं.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात गणिताच्या प्राध्यापकांसाठी मुंबईत सहा आठवड्यांचा वर्ग होता, आणि धुळ्याहून मी गेलो होतो. तिथे एका थंड खोलीत टेलिप्रिंटरसारखं एक यंत्र होतं, आणि त्याची तार भिंतीतून कुठेतरी मोठ्या संगणकाला जोडलेली होती. लिस्प नावाची भाषा आम्ही शिकत होतो. या भाषेत सगळी कामं फलनांनी होतात, म्हणजे काहीतरी घेऊन त्याचं ठरलेलं उत्तर देणाऱ्या सूत्रांनी. एका फलनाचं उत्तर दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्याचं तिसऱ्याला. कागदावर आधी एक चांदणी उमटे. म्हणजे यंत्र तयार आहे. आपण कंसात काहीतरी टंकायचं. क्षणभर शांतता. मग यंत्र स्वतः खडखडत उत्तर छापी आणि खाली पुन्हा चांदणी. इतकंच. वाचायचं, उत्तर काढायचं, छापायचं, वाट बघायची. मला त्या शांततेचं वेड लागलं होतं. कुणीतरी पलीकडे बसून विचार करतंय असं वाटे.

परत आल्यावर हे सगळं मी पहिल्यांदा तुला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगणार? गावच्या शाळेत गणितात पहिला यायचास तू. मी कायम दुसरा. वडील गेले आणि तू मॅट्रिकनंतर तारखात्यात लागलास, म्हणून माझा पहिला नंबर आला. जळगावच्या तार ऑफिसात तू रोज टेलिप्रिंटरवर बसायचास, त्यामुळे यंत्राचं तुला काही नवल वाटलं नाही. तुला वेगळाच प्रश्न पडला. आपण तुझ्या घराच्या ओट्यावर बसलो होतो, शांतावहिनीने कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला होता. तू विचारलंस, "मना पलीकडे भुसावळना माणूस ऱ्हास. तुना पलीकडे कोन व्हतं?"

मी म्हटलं, माझ्या पलीकडे कुणी नाही.

तू घास तसाच हातात धरून बसलास. "कोनी नही, आनि उत्तर येस?"

थोड्या वेळाने म्हणालास, "तठे जागा खाली शे ना? मंग तठे मी बससू."

तू संगणकाच्या जागी बसणार, म्हणून मी हसलो. तू हसला नाहीस. धुळ्यात संगणक नव्हता, जळगावात नव्हता, आणि मला तर मुंबईला एक निबंध पाठवायचा होता. त्यातली फलनं बरोबर आहेत की नाहीत हे तपासायला काही साधन नव्हतं. मी आणलेली सायक्लोस्टाइल पुस्तिका तू आठ दिवसांसाठी मागून घेतलीस आणि तीन आठवड्यांनी परत दिलीस. मग आपला उद्योग सुरू झाला. मी कार्डावर रोमन मोठ्या अक्षरांत फलन लिहून पाठवायचं. तू ते दोनशे पानी वहीत पायरीपायरीने सोडवायचं, एकही पायरी न गाळता, मनाने काहीही न घालता. उत्तर कार्डावर लिहायचं, आणि खाली चांदणी.

नियम तूच केलेस. कार्डावर दुसरं काही लिहायचं नाही. यंत्राला कुशल विचारत नाहीत. मी एकदा विसरलो आणि फलनाखाली लिहिलं, "कसा आहेस?" चौथ्या दिवशी कार्ड आलं. फलनाचं उत्तर होतं आणि त्याखाली, न शिकवलेला शब्द आला की पुस्तिकेत यंत्र जसं छापतं तसंच: "कसा: माहीत नाही." मग चांदणी. ते कार्ड मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवलं. आम्ही पोट धरून हसलो. पुन्हा मी तुला कधी विचारलं नाही.

मी तुला म्हणायचो, एखादी पायरी सरळ दिसत असेल तर गाळ की. तू म्हणायचास, "मशीन इचारस का, कसाले? मंग मी भी इचाराव नही."

हळूहळू तुझं अक्षर बदललं. शाळेत तुझं अक्षर उजवीकडे झुकलेलं होतं, मला ते लांबूनही ओळखू येई. दीड वर्षात ते छापल्यासारखं झालं, उभं, सारख्या अंतराचं. एका रविवारी मी न कळवता आलो तर तू वहीवर वाकला होतास. ओठ हलत होते आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर एकेक करून मिटत होती, उघडत होती. उघडलेल्या प्रत्येक कंसाला एक बोट मिटायचं, कंस बंद झाला की उघडायचं. मी समोर उभा होतो. तू वर बघितलंस, माझ्याकडेच बघितलंस, पण मी तुला दिसलो नाही. शेवटचं बोट उघडल्यावर तुझ्या डोळ्यांत तू परत आलास आणि म्हणालास, "कवय उना?" मी म्हटलं, आत्ताच. खरं तर मला उभं राहून दहा मिनिटं झाली होती.

तेव्हा मला भीती वाटली होती, सुपडू. पण माझं काम चाललं होतं.

आता भांडणाचं सांगतो. ते आपण पुरं केलं नाही.

माझ्या निबंधातलं मुख्य फलन मी तुला पाठवलं. तुझं उत्तर आलं, त्यात यादीतलं शेवटचं पद नव्हतं. तू चुकलास असं समजून मी तेच पुन्हा पाठवलं. तेच उत्तर. चार वेळा पाठवलं, चार वेळा तेच, एका शब्दाची तक्रार नाही. मी चिडून दिवाळीच्या सुट्टीत जळगावला आलो, तुझी वही पुढ्यात ओढली, आणि दुसऱ्या पानावर मला माझी चूक दिसली. माझी. ती तुला पहिल्याच वेळी दिसली असणार. मी विचारलं, मग लिहिलं का नाहीस? तू म्हणालास, मशीन लिहीत नाही.

वहिनी चहा घेऊन आली होती. तिच्यासमोर मी बोललो. म्हटलं, "तू चांगलं यंत्र आहेस सुपडू, कारण तुला त्यातलं काही कळत नाही."

तू बशीत चहा ओतलास. फुंकर घातलीस. मग म्हणालास की तू बावीस वर्षं लोकांच्या तारा पाठवतो आहेस. बाप वारला, लगेच ये. बाळंतीण गेली. सगळं वाचतोस, सगळं कळतं, पण हाताला कळू देत नाहीस, कारण हात थांबला तर तार पोचत नाही. "कळनं आनि थांबनं, या दोन गोष्टी शेतस, प्रोफेसरसाहेब," असं म्हणालास. मला प्रोफेसरसाहेब तू राग आल्यावरच म्हणायचास. मी म्हटलं, ज्याला कळतं तो थांबतोच. तू म्हणालास, दे मग काहीही. करून दाखवतो.

धुळ्याला आल्यावर मी ते कार्ड लिहिलं. व्याख्या साधी होती. एक यादी घ्यायची, तिच्या टोकाला एक नाव जोडायचं, आणि झालेल्या यादीला पुन्हा हेच लावायचं. प्रत्येक अशा फलनात एक वाक्य लागतं, यादी इतकी लांब झाली की थांब. ते वाक्य मी मुद्दाम गाळलं. जोडायला नाव कोणतं घ्यावं, तर गंमत म्हणून तुझंच घेतलं.

तू थांबून लिहिलं असतंस की हे संपणारं नाही, तर मी म्हणणार होतो, बघ, यंत्राचा नियम मोडलास. नाही थांबलास तर म्हणणार होतो, बघ, कळलं नाही. दोन्हीकडून मीच जिंकणार होतो. मुंबईच्या यंत्राला हे दिलं असतं तर थोड्या वेळात ते 'जागा संपली' असं छापून सुटलं असतं. किंवा मी दोन कळा एकदम दाबून ते थांबवलं असतं. हेही मी तुला सांगितलेलं होतं, ओट्यावर बसून. यंत्र असल्या फेऱ्यात सापडलं की आतून बाहेर येऊ शकत नाही, बाहेरच्या माणसानेच थांबवावं लागतं. तू ते पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतंस.

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. तुझं कार्ड आलं नाही. मला वाटलं, तुला डाव कळला आणि तू रुसून बसलास. त्याचा मला आनंद झाला. तो लपवून काय करू?

माघात जळगावला एक लग्न होतं. रविवार होता. टांगा तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आला आणि मी वळून पाहिलं. भर उन्हात तू दारात खुर्ची टाकून बसला होतास. अंगावर शाल होती. चेहरा सुजलेला, इतका की क्षणभर तो तू नाहीस असं वाटलं. मांडीवर वही, आणि डाव्या हाताची बोटं मिटत होती, उघडत होती. तू रस्त्याकडेच बघत होतास. तुझे डोळे सरळ माझ्यावर होते. मी मनाशी म्हटलं, याला आत्ता काही दिसत नाही, कंस मोजतोय. उतरलो तर मला सांगावं लागलं असतं की ते कार्ड खोडसाळपणाचं होतं, आणि तू जिंकलास. टांगेवाला म्हणाला, थांबायचं का साहेब. मी म्हटलं, चल पुढे.

फाल्गुनात तू गेलास. मूत्रपिंडं, असं डॉक्टरांनी सांगितलं. वर्षभराचं दुखणं होतं. दर आठवड्याला कार्डं येत-जात होती आणि मला पत्ता नव्हता, कारण कुशल विचारायचं नाही असा नियम होता, आणि तो माझ्या सोयीचा होता.

दहाव्याला मी आलो. सगळं आटोपल्यावर वहिनीने एक कापडी पिशवी आणली. तिच्यात सात वह्या होत्या. वरची उघडली. पहिल्या ओळीत तुझं नाव एकदा, दुसरीत दोनदा, तिसरीत तीनदा, बाजूला कंस, एकही राहिलेला नाही. पुढे पुढे एक यादी लिहायला पान लागायचं, मग दोन, मग चार. मुंबईच्या यंत्राची जागा संपली असती. तुझी संपत नव्हती. वही भरली की वहिनी दुकानातून नवी आणत होती.

तुझ्याआधीची दोन भावंडं गेली म्हणून तुला जन्मल्यावर सुपात घालून लोळवलं आणि सुपडू नाव ठेवलं, ते मरणाने तुला केर समजून सोडून द्यावं म्हणून. एकदा मरून परत आल्याचं तू गमतीने म्हणायचास, "मी एक डाव मरीसन उनेल शे." त्या सात वह्यांत ते नाव किती हजार वेळा आहे मी मोजलं नाही. वाचता वाचता ते नाव राहत नाही. कुणीतरी सारखं हाक मारतंय आणि ज्याला मारतंय तोच मारतोय, असं काहीतरी होतं. मी वही मिटली.

दवाखान्यातसुद्धा तू लिहीत होतास. शेवटच्या दोन दिवसांत हात उचलत नव्हता, तेव्हा चादरीवर बोटं चालत होती. नर्सला वाटलं, झटके आहेत. वहिनीने तिला सांगितलं, नाही, कामावर आहेत.

मग वहिनीने मला विचारलं. "भाऊजी, पुरं व्हयनं ना यास्नं काम?"

मी म्हटलं, "हो वहिनी. पूर्ण झालं."

ती म्हणाली, "मंग बरं."

हे खोटं घेऊन मी धुळ्याला आलो. पिशवी पलंगाखाली ठेवली. तेव्हापासून माझा डावा हात माझ्या ताब्यात नव्हता. फळ्यासमोर उभा असताना, जेवताना, पांझरेच्या पुलावरून जाताना एकेक बोट मिटायचं, आणि उघडायचं नावच नाही. पाची बोटं मिटली की मूठ तशीच राहायची. सुमन म्हणायची, हात असा काय धरलाय? मी दुसऱ्या हाताने बोटं सोडवायचो.

आणि मंगळवारी ती चांदणी आली.

त्या दुपारी मी पहिल्यांदा वह्या पहिल्यापासून वाचायला घेतल्या. पहिल्या वहीच्या चौथ्या पानावर समासात पेन्सिलीने एक ओळ आहे. ती छापल्यासारख्या अक्षरात नाही. तुझ्या जुन्या, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात आहे. "हे संपत नाही. तो थांबवील." बास. त्यानंतर सात वह्यांत तुझा स्वतःचा एक शब्द नाही.

चौथ्याच पानावर, सुपडू.

बुधवारी सकाळच्या एसटीने मी जळगाव गाठलं. पिशवी मांडीवर होती, एरंडोल येईपर्यंत मी तिच्यावरचा हात काढला नव्हता. वहिनी दारात गहू निवडत होती. मी कार्ड तिच्यापुढे ठेवलं. तिने सांगितलं, ते तिनेच पेटीत टाकलं. तूच पौषात लिहून तिच्याकडे दिलं होतंस. तू थांबलास की टाकायचं, इतकंच म्हणाला होतास. दिवसांच्या धामधुमीत राहून गेलं, सापडलं तेव्हा टाकलं. भीतीचं काही उरलं नाही असं मला वाटलं, आणि मग मी बोललो. सगळं सांगितलं. गाळलेलं वाक्य, तुझं नाव का घेतलं ते, आणि तिच्याशी खोटं बोललो ते. टांग्याचं सोडून सगळं.

ती निवडायची थांबली नाही.

"त्यास्ले माहीत व्हतं भाऊजी. माले सांगेल व्हतं. तो ई, आनि थांबाडी."

मी येईन आणि थांबवीन, असं तू माझ्याबद्दल म्हणाला होतास. वहिनी म्हणाली, म्हणून तर ते दर रविवारी दारात खुर्ची टाकून बसायचे. तिने मुलाकडून चिठ्ठी पाठवते म्हटलं तर नको म्हणायचे, त्याचं त्याला कळू दे. माघातल्या एका रविवारी मात्र लवकर उठून आत आले. पाणी मागितलं. म्हणाले, "आज उना व्हता तो." तिने बाहेर जाऊन पाहिलं तर रस्त्यावर कुणी नाही. विचारलं, कुठे आला? तर म्हणाले, "उना, आनि गया." मग नवी वही काढायला लावली.

तुला दिसलो होतो मी.

टांग्याचं सांगायची गरज राहिली नव्हती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं असणार. सूप बाजूला ठेवून तिने पिशवीतून सातवी वही काढली, शेवटचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. तिथे तुझं नाव अर्ध्यावर तुटलेलं आहे. पाच रोमन अक्षरांतली पहिली तीन आहेत, पुढे कोरं.

"आते तरी थांबाडा," ती म्हणाली.

कागदाला कसं थांबवतात, वहिनी? तिथे कळा नसतात. पण ती वाट बघत होती. मी डाव्या हाताची दोन बोटं त्या तुटलेल्या नावापुढे ठेवली आणि दोन्ही एकदम दाबली. बराच वेळ दाबून धरली. आत चुलीवर काहीतरी उकळत होतं, त्याचा आवाज येत होता. मी बोटं उचलली. वहिनीने वही मिटली आणि डोळ्यांना पदर लावला. ती मला चहा विचारेल असं वाटलं नव्हतं. तिने विचारला.

कुणाचं खरं, ते आता तूच ठरव. तुला कळलं होतं आणि तू थांबला नाहीस. मीही थांबलो नाही, पण माझ्याकडे नियम नव्हता. चौथ्या पानानंतर तू जे लिहीत होतास ते उत्तर काढणं नव्हतंच. तू मला थांबवणाऱ्याची जागा देत होतास, दर रविवारी, आणि मी टांगा पुढे नेला. तरी तू अखेरपर्यंत असं धरून चाललास की मी थांबवणाऱ्यातला आहे. माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी मानलेलं नाही. ते कुठे ठेवू, मला कळत नाही.

वह्या मी वहिनीकडे ठेवून आलो. कार्ड मात्र घेऊन आलो. क्रम उलटा झाला, चांदणी आधी आली आणि थांबवणं नंतर. पण ती आलेली आहे. म्हणजे तू मोकळा आहेस आणि पलीकडे वाट बघतो आहेस.

तेव्हा आज एक कोरं कार्ड घेतलं. तुझ्या घरचा पत्ता घातला, तुझ्या नावाने. फलन लिहिलं नाही, कंस घातला नाही. फक्त लिहिलं, "कसा आहेस?" आणि देवपूरच्या पेटीत टाकून आलो.

नियमाप्रमाणे काय उत्तर येतं ते मला माहीत आहे. तेच आलं तरी चालेल. अक्षर उजवीकडे झुकलेलं असू दे.